थरांच्या इन्सुलेटिंग पेपरचं पेटंट नाकारलं, आता अपिलात नेमकं काय मांडायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या अंबड एमआयडीसीतलं एक छोटं युनिट ट्रान्सफॉर्मरसाठी लागणारा कागद बनवतं. त्यांनी तीन थरांच्या कागदाची प्रोसेस बसवली. बाहेरचे दोन थर साध्या क्राफ्टचे (लाकडाच्या लगद्याचा मजबूत कागद), मधल्या थराच्या लगद्यात अरॅमिड या उष्णता सोसणाऱ्या कृत्रिम पदार्थाचे फायब्रिड मिसळलेले, आणि तिन्ही थर वेगवेगळे सुकवून गमने चिकटवायच्या ऐवजी ओले असतानाच एकमेकांवर घेऊन प्रेसमधून काढायचे. मेथडचा क्लेम, म्हणजे नेमका कशावर हक्क हवा तो दावा, टाकला. मुंबई पेटंट ऑफिसने कलम १५ खाली अर्ज नाकारला, इन्व्हेंटिव्ह स्टेप, म्हणजे जाणकाराला सहज सुचणार नाही असं पाऊल, नाही म्हणून. आधार दोन जुन्या डॉक्युमेंटचा, डी१ म्हणजे अरॅमिड आणि सेल्युलोज (लाकडाचे तंतू) मिसळलेला एकथरी कागद, आणि डी२ म्हणजे ओले थर चढवून केलेला क्राफ्टचा प्रेसबोर्ड, म्हणजे दाबून केलेला जाड पुठ्ठा. वकिलांचं म्हणणं आहे की ऑर्डर कमकुवत आहे, अपील सहज निघेल. विचारणाऱ्यांना हवंय की खरंच करावं का, आणि काय मांडावं.

करा. पण ऑर्डर कमकुवत आहे एवढ्याच जोरावर जाऊ नका. मी आधी बरीच वर्षं पेपर मिलमध्ये होते आणि नंतर पेटंट एजंट झाले, त्यामुळे या फाइलच्या दोन्ही बाजू मला दिसतात, आणि मला वाटतं तुमचं खरं बळ ऑर्डरमधल्या चुकांपेक्षा तुमच्या ड्रायर सेक्शनमध्ये आहे आणि ते अजून कोणी नीट मांडलेलंच नाहीये.

आधी मुदतीचं बघू म्हणजे ते डोक्यातून जाईल. कलम ११७ए प्रमाणे ऑर्डरच्या तारखेपासून तीन महिने. कोर्ट उशीर माफ करू शकतं पण त्यासाठी कारण दाखवावं लागतं, त्या भरवशावर राहू नका. आधी ही अपिलं आयपीएबीकडे (बौद्धिक संपदा अपील मंडळ) जायची, एप्रिल २०२१ मध्ये ते बोर्डच बंद झालं आणि आता सगळं हायकोर्टात. तुमचा अर्ज मुंबई ऑफिसला आहे म्हणजे मुंबई हायकोर्ट. रिव्ह्यू पण टाकता येतो, कलम ७७ खाली, ऑर्डर मिळाल्यापासून एक महिन्यात, पण तो उघड दिसणाऱ्या चुकीसाठी असतो, आणि रिव्ह्यू टाकलाय म्हणून तीन महिन्यांचं घड्याळ थांबलं असं समजू नका, मी तरी कोणाला तसं समजून चालू देत नाही.

आता कागदाकडे येऊ, कारण जज साहेबांना पहिल्या दहा मिनिटांत कागद कळला तर पुढचं सगळं सोपं जातं.

कागद थराथरांचा का करतात? क्राफ्टला बीटिंग (लगदा कुटणं) कितीही चांगलं दिलं तरी शीटमध्ये बारीक पिनहोल राहतातच. एकच जाड थर घेतला तर ती कमजोर जागा आरपार जाऊ शकते, तेवढीच जाडी तीन पातळ थरांत घेतली तर एका थरातलं भोक दुसऱ्याच्या बरोबर समोर येण्याची शक्यता फार कमी होते, म्हणून बीडीव्ही (ज्या व्होल्टेजला कागद फुटतो तो आकडा) वाढतो. हे नवं अजिबात नाही. १८९०-९१ च्या सुमाराला फेरांटीने लंडनला डेप्टफर्डहून १०,००० व्होल्टची जी केबल टाकली होती तिच्यातसुद्धा मेण पाजलेल्या तपकिरी कागदाचेच थर होते. त्यामुळे "आम्ही थर दिले" हा मुद्दा अपिलात पहिल्या पानावर मांडू नका, तिथे तुम्ही हरणारच. अरॅमिड मिसळलं हाही मुद्दा नाही. साध्या क्राफ्टच्या ट्रान्सफॉर्मरला ९८ डिग्री हॉट स्पॉट (आतल्या सगळ्यात गरम जागेचं तापमान) धरतात, थर्मली अपग्रेडेड म्हणजे जास्त उष्णता सोसेल असा केलेल्या कागदाला ११०, आणि त्याच्या वर दर ६ डिग्रीला कागदाचं म्हातारपण साधारण दुप्पट वेगाने येतं, हे या धंद्यात सगळ्यांना पाठ आहे, म्हणून उष्णता सोसणारा अरॅमिड सेल्युलोजसोबत घ्यावा ही कल्पना कोणालाही सुचेल. ड्यूपॉन्टचा नोमेक्स ९१० तर तसाच आहे, आत सेल्युलोज आणि दोन्ही बाजूंना अरॅमिड. तो तुमच्या ऑर्डरमध्ये आलेला नाही पण पेटंट मिळाल्यावर कोणी कलम २५(२) खाली विरोध केला तर पहिला तोच काढेल, म्हणून आत्ताच त्याच्यापासून लांब उभे राहा. तुमच्यात उलटं आहे, अरॅमिड मध्ये आणि क्राफ्ट बाहेर, हे स्पष्ट लिहा.

मग नवं काय आहे? मला स्पेसिफिकेशनमधलं (अर्जातलं शोधाचं वर्णन) पान ९ सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, आणि ते ऑर्डरमध्ये कुठेच आलेलं नाही, खरं सांगायचं तर तुमच्या रिप्लायमध्येही एका ओळीत उरकलंय.

फायब्रिड म्हणजे नेहमीचा धागा नव्हे, पातळ पापुद्र्यासारखे बारीक तुकडे असतात ते. ते पाणी धरून ठेवतात, लगद्याचा निचरा मंदावतो, आणि सुकताना शीट बंद करतात. आता असा थर मध्ये घालून वर-खाली क्राफ्ट ठेवलं आणि नेहमीसारखं गरम ड्रायरवर नेलं की काय होतं ते ज्यांनी मशीनवर उभं राहून बघितलंय त्यांना विचारा. बाहेरचा क्राफ्ट पटकन सुकतो, मधलं पाणी अजून तिथेच असतं, त्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट नसते, आणि ती थर फाडून स्वतःला जागा करते. फोड येतात. कधी मोठा फोड, हाताने लागतो असा, पण जास्त वाईट तो जो दिसत नाही, कॅलेंडरखाली (कागद गुळगुळीत करणारे रोलर) दबून सपाट होतो आणि आत मोकळी जागा तशीच राहते. रोल बाहेरून झकास दिसतो.

आणि ही मोकळी जागा नुसती दिसण्याची खोट नाही. परमिटिव्हिटी म्हणजे पदार्थ विद्युत क्षेत्राला किती प्रतिसाद देतो त्याचं माप. हवेची परमिटिव्हिटी १, ट्रान्सफॉर्मर ऑइलची २.२ च्या आसपास, तेल प्यायलेल्या प्रेसबोर्डची ४ च्या वर. एसी व्होल्टेजमध्ये ताण कमी परमिटिव्हिटीच्या जागी जास्त जातो, म्हणजे ज्या फोडात तेल शिरलं नाही आणि हवा राहिली तिथेच सगळ्यात जास्त फील्ड आणि तिथेच सगळ्यात कमी ताकद. पार्शल डिस्चार्ज, म्हणजे आतल्या आत होणाऱ्या छोट्या ठिणग्या, तिथून सुरू होतो. म्हणजे मधला थर ज्याच्यासाठी घातला तो फायदा एका फोडाने जातो. म्हणूनच मधे फायब्रिडचा थर आणि बाहेर क्राफ्ट ही रचना ओल्या पद्धतीने करायला माणूस आपणहून जाणार नाही, तो आधी गमने चिकटवायचा विचार करेल. कोर्टाला हे सांगायचंय.

तुमचा उपाय काय आहे? थर १८ ते २२ टक्के कोरडे असताना एकत्र घ्यायचे, त्याआधी नाही आणि नंतर नाही, पहिल्या प्रेसला हलका निप (दोन रोलरमधला दाब) द्यायचा, आणि पहिल्या गटातले ड्रायर मुद्दाम थंड ठेवायचे म्हणजे मधलं पाणी वाफ होण्याआधी बाहेर येतं. फार ओले घेतले तर फायब्रिड क्राफ्टमध्ये वाहून जातात आणि थरच राहत नाहीत, फार कोरडे घेतले तर थराथरांत हायड्रोजन बाँड नीट बसत नाही. या दोन टोकांमधली अरुंद जागा तुम्ही शोधली, आणि माझ्या मते शोध तो आहे.

आता डी२ उघडा. कंट्रोलर, म्हणजे अर्ज नाकारणारे पेटंट ऑफिसचे अधिकारी, म्हणतात ओले थर एकत्र घेणं डी२ मध्ये आहे. आहे, बरोबर आहे. पण ते प्रेसबोर्ड कसं होतं ते बघा ना, ओला पापुद्रा रोलरवर गुंडाळत हवी तेवढी जाडी आली की कापून शीट काढायची आणि हॉट प्रेसमध्ये दोन्ही बाजूंना जाळी ठेवून दाबायची. वाफ जाळीतून निघून जाते आणि शीट प्रेसमध्ये बराच वेळ बसलेली असते. प्रेसबोर्डवर जाळीचे ठसे दिसतात ते त्याचेच. तुमचा कागद चालत्या मशीनवर आहे, जाळी नाही, आणि ड्रायरवर वेळही नाही. म्हणजे फोडाचा प्रॉब्लेम डी२ मध्ये उद्भवतच नाही, मग डी२ त्याचा उपाय सुचवणार कुठून? आणि डी१ बघा, तुम्ही पाठवलेल्या कॉपीत दुसऱ्याच कॉलममध्ये लिहिलंय की फायब्रिड पूर्ण शीटमध्ये सारखे पसरले पाहिजेत नाहीतर बाँडिंग बिघडतं. म्हणजे डी१ वाचणारा माणूस फायब्रिड फक्त मधल्या थरात ठेवायच्या विरुद्ध दिशेला जाईल. हे वाक्य अपिलात जसंच्या तसं उतरवा, पान आणि ओळ देऊन.

कायद्यात हे कुठे बसतं? सुप्रीम कोर्टाचा १९७८ चा बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज हा निकाल अजूनही सगळ्याचा पाया आहे. भांडी लेथवर धरून घासायच्या पद्धतीचं पेटंट होतं ते, आणि कोर्टाने ते टिकू दिलं नाही, नुसती वर्कशॉपमधली सुधारणा आहे म्हणून. लोक हा निकाल फक्त ऑफिसच्या बाजूने वाचतात. पण त्यातच असंही आहे की जुन्याच गोष्टी अशा जोडल्या की त्या एकमेकांवर काम करून नवी प्रोसेस किंवा सुधारलेला परिणाम देतात, तर ते पेटंटला पात्र होऊ शकतं, नुसती एकाशेजारी एक मांडणी केली तर नाही. तुमच्याकडे कोरडेपणा, निप आणि ड्रायरचं तापमान हे तिन्ही एकमेकांवर अवलंबून आहेत, एक बदललं की बाकी दोन फुकट जातात. हीच मांडणी करा.

मग २०१५ चा दिल्ली हायकोर्टाचा रोश विरुद्ध सिप्ला, त्यात इन्व्हेंटिव्ह स्टेप तपासायच्या पायऱ्या दिल्यात, त्यातली शेवटची तुमच्यासाठी कामाची, शोध आधीपासून माहीत आहे असं न धरता फरक बघायचा. आणि नोव्हेंबर २०२२ चा एव्हरी डेनिसनचा निकाल, प्लास्टिकच्या फास्टनरमधल्या खाचेची केस, दिसायला अगदी साधी गोष्ट, पण कोर्ट म्हणालं साधं आहे म्हणून उघड आहे असं होत नाही, आणि जुनं डॉक्युमेंट इतकी वर्षं पडून असताना कोणी हा बदल का केला नाही हेही बघायला हवं. तुमच्या डी२ ची तारीख बघा, जुनं आहे, डी१ त्याच्या बऱ्याच नंतरचं, आणि दोन्ही बाजारात असूनही हे कोणी केलं नाही. तारखा एका ओळीत मांडा, फार भाषण नको.

आता ऑर्डरबद्दल, जिच्यावर तुमचे वकील खूश आहेत. ते चुकीचे नाहीत. मार्च २०२२ मध्ये अ‍ॅग्रिबोर्डच्या केसमध्ये दिल्ली हायकोर्टाने सांगितलं की इन्व्हेंटिव्ह स्टेप नाही म्हणायचं असेल तर कंट्रोलरने तीन गोष्टी बोलल्या पाहिजेत, आधीचं ज्ञान काय, अर्जातला शोध काय, आणि एकापासून दुसऱ्याकडे जाणकार माणूस सहज कसा पोचेल. तुमच्या ऑर्डरमध्ये पहिल्या दोन आहेत आणि तिसरीच्या जागी "उघड आहे" एवढं एकच वाक्य आहे. शिवाय शेवटी एका ओळीत कलम ३(डी) लावलंय, ज्ञात प्रोसेसचा नुसता वापर म्हणून, आणि हिअरिंग नोटिशीत हे कलम कुठेच नव्हतं. तुम्हाला उत्तर द्यायची संधीच मिळाली नाही, कलम ८० चं आणि नैसर्गिक न्यायाचं सरळ उल्लंघन. मी ऑर्डर आणि हिअरिंग नोटीस शेजारी शेजारी ठेवून मगच ऑर्डर वाचते, तुम्हीही ठेवा, असे मुद्दे लगेच दिसतात.

पण एवढ्याने काय मिळतं? रिमांड. कोर्ट म्हणेल ऑर्डर रद्द, दुसऱ्या कंट्रोलरकडे नव्याने जा. चांगलं वाटतं, पण दुसरे कंट्रोलर तेच डी१ आणि डी२ समोर ठेवणार, आणि या वेळी कारणं नीट लिहून नाकारणार. मग ती दुसरी ऑर्डर पाडणं पहिलीपेक्षा कितीतरी अवघड जातं. पेटंटची २० वर्षं अर्जाच्या तारखेपासून चाललेली असतात, ती कोणासाठी थांबत नाहीत. मला हे मनापासून खुपतं, कारण छोटी युनिट्स रिमांडलाच विजय समजून मोकळी होतात आणि पुढच्या हिअरिंगला तोच जुना रिप्लाय घेऊन जातात. म्हणून प्रार्थनेत, म्हणजे अपिलातल्या मागण्यांत, दोन्ही मागा, आधी पेटंट मंजूर करा आणि ते नाही तर रिमांड, आणि ड्रायरचा मुद्दा असा तपशिलात मांडा की रिमांड झालं तरी निकालात त्याचा उल्लेख येईल. तो उल्लेख पुढच्या कंट्रोलरला टाळता येत नाही.

क्लेमचं बोलू. तुमचा क्लेम १ फार रुंद आहे. "ओले थर एकत्र आणणे, दाबणे, सुकवणे" असा तो वाचला तर मलाही डी२ दिसतो. कोरडेपणाची रेंज क्लेम ३ मध्ये आणि ड्रायरचं तापमान क्लेम ४ मध्ये लपलंय. ते दोन्ही वर आणा. कलम ५९ खाली दुरुस्ती चालते, पण नवी दुरुस्ती आधीच्या क्लेमच्या आत बसली पाहिजे आणि मूळ स्पेसिफिकेशनमध्ये असली पाहिजे, तुमच्यात दोन्ही आहे. जुलै २०२२ चा निप्पॉन ए अँड एल चा निकाल वाचा, तिथे अर्जदाराने प्रोसेसने ओळखल्या जाणाऱ्या प्रॉडक्टचे क्लेम सोडून फक्त प्रोसेसचे ठेवले, ऑफिसने ते नाकारलं आणि दिल्ली हायकोर्टाने चालवून घेतलं, कारण क्लेम आक्रसले होते, पसरले नव्हते. दिल्लीचे निकाल मुंबईवर बंधनकारक नाहीत, पण वजन असतंच. अरुंद क्लेमचा सेट अपिलासोबतच जोडा, शेवटच्या तारखेला तोंडी देऊ नका. हात आखडता घेतल्यासारखं वाटेल, पण जो क्लेम टिकतो तोच कामाचा.

तुमची कमजोर जागा पण सांगते. स्पेसिफिकेशनमधलं टेबल तुमच्या कागदाची तुलना गमने चिकटवलेल्या कागदाशी करतं, बीडीव्ही आणि थरांची पकड दोन्ही चांगली दिसते. पण १२ टक्के किंवा ३० टक्के कोरडेपणाला थर जोडले तर काय झालं याचा आकडा कुठेच नाही. फोड येतात असं वाक्यात लिहिलंय, टेबलात नाही. समोरचे वकील नेमकं इथे बोट ठेवतील, रेंज मनाने घेतलीय म्हणतील. अपिलात नवा पुरावा आपोआप घेतला जात नाही, कोर्टाची परवानगी लागते. तरी तुमच्याकडे अर्जाच्या आधीचे ट्रायल रजिस्टर असतील तर ते अ‍ॅफिडेव्हिटने द्या, कारण फोडाचा उल्लेख मुळात स्पेसिफिकेशनमध्ये आहे आणि रजिस्टर त्याला फक्त आधार देतंय, नवा फायदा आणत नाहीये. ज्याने मशीन चालवली त्याचंच अ‍ॅफिडेव्हिट घ्या, डायरेक्टरचं नको. नव्याने टेस्ट करायच्या असतील तर बडोद्याच्या एर्डासारख्या बाहेरच्या लॅबमध्ये करा, आयईसी ६०५५४ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या पद्धतीने, सॅम्पल तेल पाजून आणि न पाजता दोन्ही.

कोणी विचारेल की नुसत्या मेथडच्या पेटंटचा उपयोग काय, दुसऱ्याच्या कारखान्यात कोण बघायला जाणार. उपयोग आहे. कलम ४८ प्रमाणे प्रोसेस पेटंटचा हक्क त्या प्रोसेसमधून थेट निघालेल्या मालावरही चालतो, आणि कलम १०४ए खाली काही परिस्थितीत, माल नवा असेल किंवा तो याच प्रोसेसने झाला असण्याची दाट शक्यता असेल, तेव्हा आमची प्रोसेस वेगळी आहे हे सिद्ध करायचा बोजा कोर्ट समोरच्यावर टाकू शकतं. ती शक्यता दाखवायला तुमच्याकडे चांगलं साधन आहे. कागद रेझिनमध्ये बसवून आडवा कापा आणि मायक्रोस्कोपखाली धरा, गमने चिकटवलेल्या कागदात थरांमध्ये गमची स्वच्छ रेघ दिसते, तुमच्यात रेघ नसते, क्राफ्टचे तंतू मधल्या थरात थोडे घुसलेले दिसतात आणि फायब्रिड मात्र जागेवर असतात. आणि सिक्रेट म्हणून ठेवायचा पर्याय आता उरलेला नाही, अर्ज १८ महिन्यांनी पब्लिश झालेला आहे, कोणीही डाउनलोड करून वाचू शकतो. पेटंट सोडून दिलं तर ही प्रोसेस सगळ्यांची होते, तुम्ही केलेल्या सगळ्या खर्चासकट.

हेच आडवे काप आत्ता अपिलासाठीही लागतील. जुन्या ट्रायलच्या रोलचे तुकडे स्टोअरमध्ये असतील तर ते फेकू देऊ नका, प्रत्येकावर ट्रायलची तारीख आणि रजिस्टरचं पान लिहा, आणि चांगल्या रोलसोबत फोड आलेला एक तरी तुकडा घ्या. दोन्हींचे फोटो एकाच पानावर शेजारी लावून ड्राफ्टसोबत वकिलांना पाठवा, आणि ऑर्डरच्या तारखेपासून दोन महिन्यांच्या आत पाठवा, म्हणजे अ‍ॅफिडेव्हिट, इंग्रजी भाषांतर आणि फायलिंगला एक महिना हातात राहतो.